आजोबांचा गोमुखाचा फोटो आणि हिमनदीची खाली बसलेली पाठ

नाशिकच्या एका भूगोलाच्या शिक्षिकेने विचारलं आहे: आजोबांनी १९८१ साली चारधाम यात्रेत आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने गोमुखाचा फोटो काढला होता. यंदा सप्टेंबरात आम्ही तिकडे जाणार आहोत. त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढला, तर हिमनदी किती आटली हे मुलांना आकड्यांत दाखवता येईल का? आणि तो फोटो नेमका कसा काढावा?

हो, जरूर काढा. फक्त मोजायचं काय, हे निघण्याआधी ठरवा. गोमुख म्हणजे गंगोत्री हिमनदीचं मुख, तिचं खालचं टोक. हे मुख किती मीटर मागे गेलं हे त्या दोन फोटोंतून नीट निघणार नाही. बर्फाची पाठ, म्हणजे वरचा पृष्ठभाग, किती खाली बसली आणि तिचं रूप कसं पालटलं, हे मात्र बऱ्यापैकी निघेल. लाहौल आणि गढवालातल्या हिमनद्यांवर मी बावीस वर्षं कॅमेरा आणि बांबूच्या काठ्या घेऊन फिरते आहे. हिमनदीची तब्येत बघायची तर मुखापेक्षा पाठ बघावी, हे माझं मत दर वर्षी घट्टच होत गेलं आहे.

मुखाचं का जमत नाही ते आधी सांगते. आजोबांनी फोटो समोरून काढला असणार. पुढे भागीरथीचं पाणी, मागे गुहेसारखं मुख आणि त्याच्या वर भागीरथी शिखरं, अशी चौकट जवळजवळ प्रत्येक यात्रेकरूच्या अल्बममध्ये असते. या चौकटीत मुख मागे सरकतं ते आपल्या नजरेच्या रेषेतच. समोरून थेट आपल्याकडे येणाऱ्या एसटीचा वेग कळत नाही, बाजूने गेली की लगेच कळतो, तसंच हे आहे. शंभर मीटर माघार फोटोत जेमतेम दिसते. उलट बर्फ वीस मीटर खाली बसला, तर तो बदल नजरेला काटकोनात असतो आणि डोळ्यांत भरतो. मागच्या कड्याचा जो खडक बर्फाच्या फुगवट्याआड लपलेला होता, तो उघडा पडतो.

मुखाच्या माघारीचे आकडे हवे असतील तर ते वेगळ्या पद्धतीने आधीच मोजलेले आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचे जे. बी. ऑडेन यांनी १९३५मध्ये गोमुखाचा नकाशा प्लेनटेबलवर, म्हणजे तिपाईवरच्या फळीवर कागद लावून जागेवरच, तयार केला. पुढच्या सगळ्या तुलनांचा पाया तो आहे. उपग्रहचित्रांवरून केलेल्या मोजणीत १९६५ ते २००६ या काळात मुख सुमारे ८२० मीटर मागे गेलेलं आढळलं, म्हणजे वर्षाला साधारण २० मीटर. आजोबांच्या फोटोला चाळीसहून जास्त वर्षं झाली. ढोबळ हिशेबाने आठ-नऊशे मीटरचा फरक धरून चला. ते उभे होते त्या जागी तुम्ही उभ्या राहिलात, तर समोर बर्फाचा कडा नसेल, दगडगोट्यांचं रुंद पात्र असेल. मुलांना हे आधीच सांगून ठेवा. पहिल्यांदा अशी जागा पाहताना आपण चुकीच्या ठिकाणी आलो असंच वाटतं. मलाही वाटलं होतं.

तुमच्या आधी हे काम कितीतरी जणांनी केलं आहे, म्हणून थोडं त्यांच्याविषयी. सॅम्युएल बोर्न या इंग्रज छायाचित्रकाराने १८६६मध्ये काचेच्या ओल्या प्लेटवर गोमुखाचे फोटो काढले. तेव्हाच्या प्लेटला फक्त निळसर प्रकाश कळायचा, त्यामुळे आकाश कोरं पांढरं येई आणि ढग कुठे, बर्फ कुठे हे वेगळं काढणं अवघड जाई. आल्प्समध्ये सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या गणितज्ञाने १८८९मध्ये ऑस्ट्रियातल्या फेर्नागट हिमनदीचे ठरावीक ठिकाणांहून फोटो घेऊन त्यांवरून १:१०,००० प्रमाणाचा नकाशा काढला. फोटो हे मोजमापाचं साधन आहे, ही गोष्ट हिमनद्यांच्या अभ्यासात त्याच्यापासून रुजली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन हिमनदीवर रंगवलेल्या दगडांच्या आडव्या रांगा मांडत आणि त्या वर्षभरात किती वाकल्या ते बघत. १८७४मध्ये सुरू केलेलं ते काम कित्येक वर्षं चाललं. मला ती कल्पना फार आवडते. हिमनदीला रेघ दिली आणि ती रेघ तिनेच वाकवून दाखवली!

आपल्या बाजूचं सर्वांत बोलकं उदाहरण एव्हरेस्टच्या उत्तरेचं आहे. १९२१च्या मोहिमेत जॉर्ज मॅलरीने रोंगबुक हिमनदीचा फोटो घेतला होता. डेव्हिड ब्रिशर्स यांनी २००७मध्ये तीच जागा शोधून पुन्हा फोटो काढला. दोन्ही शेजारी ठेवले की बर्फाची पाठ सुमारे शंभर मीटर खाली गेलेली दिसते. शंभर मीटर म्हणजे तीस मजली इमारतीइतका बर्फ. आणि गंमत बघा, नुसत्या नकाशावर त्या हिमनदीची बाह्यरेषा पाहिली असती तर एवढा मोठा बदल लक्षातही आला नसता. दगडधोंड्यांनी झाकलेल्या हिमनद्या अशाच असतात. त्यांची लांबी बऱ्याचदा वर्षानुवर्षं जवळपास तीच राहते आणि बर्फ आतल्या आत, उभ्याने उतरत जातो. गंगोत्रीचं मुख मागे सरकत असलं, तरी तिचा खालचा भागही असाच झाकलेला आहे.

आता तुमच्या कामाकडे. सगळ्यात जास्त वेळ जागा शोधण्यात जाईल, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहिते.

फोनचा जीपीएस तुम्हाला पाच-दहा मीटरपर्यंत नेईल. अरुंद दरीत, दोन्हीकडे उंच कडे असताना, तो आणखी चुकतो. शेवटचे मीटर डोळ्यांनीच गाठावे लागतात. त्याचं तत्त्व साधं आहे. आपण बाजूला सरकलो की जवळची वस्तू दूरच्या वस्तूच्या तुलनेत सरकते. एसटीच्या खिडकीतून बाभळी मागे पळतात आणि डोंगर जागचा हलत नाही, तेच. जुन्या फोटोत जवळच्या कड्याची कडा मागच्या शिखराच्या नेमक्या कोणत्या खाचेखाली येते ते बघा, आणि ती तिथेच येईपर्यंत डावी-उजवीकडे सरका. हे किती काटेकोर असतं याचा अंदाज देते. फुल-फ्रेम कॅमेरा (जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेला), ३५ मिलिमीटर लेन्स आणि ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो धरा. कडा ५०० मीटरवर आहे आणि शिखर ८ किलोमीटरवर. तुम्ही पाच मीटर बाजूला उभ्या असाल, तर या दोघांतलं अंतर पन्नासेक पिक्सेलनी चुकतं. पडद्यावर मोठं करून पाहिलं की ते सहज दिसतं. हीच गोष्ट दहा मीटरवरच्या दगडाच्या बाबतीत केली, तर एक मीटरच्या चुकीला जवळजवळ सहाशे पिक्सेलचा फरक पडतो.

म्हणजे जवळचा दगड सर्वांत चांगला साक्षीदार आहे. पण गोमुखापाशी एक मोठी अडचण आहे. तिथले बरेच दगड नदीपात्रातले आहेत. जून २०१३सारखा पूर आला की खोलीएवढे दगडही जागा सोडतात. म्हणून पात्रातला कुठलाही दगड साक्षीला घेऊ नका, तो जुन्या फोटोतलाच आहे अशी खात्री वाटली तरी. एकसंध कातळ घ्या, कड्याची कडा घ्या, दोन्ही बाजूंच्या उतारांवरच्या घळी आणि भेगा घ्या. मी फोटो हातात घेते तेव्हा आधी बर्फ बघतच नाही. खडक बघते. बर्फ बदलणार आहे हे माहीतच आहे. त्याला मोजायची पट्टी मात्र खडकच देतो.

डावं-उजवं जमलं की पुढं-मागं. इथे एक जुनी, फार उपयोगी युक्ती आहे. अमेरिकेत १९७७ ते १९७९ या काळात मार्क क्लेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणांतले फोटो त्याच जागांवरून पुन्हा काढले, तेव्हा ते ती वापरत. जुन्या फोटोत दोन खुणांच्या जोड्या निवडायच्या, एक जोडी जवळची आणि एक दूरची. पट्टीने दोन्ही जोड्यांमधलं अंतर मोजायचं आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं. मग जागेवर फोटो घेऊन त्यातही तेच गुणोत्तर काढायचं. आपण फार पुढे असू तर जवळची जोडी प्रमाणाबाहेर मोठी येते, मागे असू तर लहान. ते लोक तिथल्या तिथे पोलरॉइड काढून मोजत. तुमच्याकडे फोन आहे. शाळेतल्या मुलांना प्रमाण शिकवायला याहून चांगला प्रसंग मिळायचा नाही. मुलांना हे काम नाशिकमध्येच द्या. गुणोत्तरं कागदावर लिहून घेऊन जा.

आता कॅमेरा. आग्फा क्लिक थ्री चौकोनी फोटो काढायचा, १२० नंबरच्या रोलवर बारा. लेन्स एकाच साध्या भिंगाची. त्यामुळे मधला भाग ठीक येतो, कडांना फोटो धूसर होतो आणि सरळ रेषा किंचित वाकतात. मोजमाप फक्त मधल्या दोन तृतीयांश भागातच करा. त्या चौकोनात जवळपास चाळीस-बेचाळीस अंशांचं दृश्य मावतं. आजच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटर लेन्सने आडवा फोटो घेतला तर तो चौकोन त्यात आरामात बसतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यातही बसतो. चौकट जुळवायचा हट्ट धरू नका, जास्तच घ्या आणि घरी कापा. लेन्स वेगळी असली तरी चालतं, कारण वस्तू एकमेकींच्या पुढे-मागे कशा दिसतात ते फक्त उभं राहण्याच्या जागेवर ठरतं. लोक लेन्स जुळवण्यात दिवस घालवतात आणि जागा तीन मीटर चुकीची ठेवतात.

एक गोष्ट मात्र पाळा. कॅमेरा पाणसळीत ठेवा. शिखर चौकटीत यावं म्हणून वर कलवला की कड्यांच्या उभ्या रेषा आत झुकतात आणि उंचीचं मोजमाप बिघडतं. कलवण्यापेक्षा रुंद लेन्स लावून खालचा नको असलेला भाग कापून टाकावा. आणि छापील फोटोपेक्षा निगेटिव्ह शोधा. स्टुडिओवाले प्रिंट काढताना कडा कापत असत, त्यामुळे प्रिंटचा मध्य हा लेन्सचा मध्य असेलच असं नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या निगेटिव्ह बहुतेक घरांत एखाद्या बिस्किटाच्या डब्यात सापडतात.

फोनने काढणार असाल, तर रंग खुलवणारी, सावल्या उजळवणारी सगळी सोय बंद ठेवा आणि जमलं तर रॉ फाइल, म्हणजे फोनने काही न बदललेली मूळ फाइल, घ्या. जुना फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ॲपमधून 'स्वच्छ' करून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ती ॲप्स धूसर जागी खडकासारखं दिसणारं काहीतरी स्वतः भरतात. अलीकडे माझ्याकडे आलेल्या एका फोटोत अशी एक भेग होती. मूळ निगेटिव्हवर ती नव्हतीच, आणि आम्ही दोन दिवस उतारावर ती शोधत होतो.

ऋतूचं काय? इथे तुमच्या जोडीत एक खोच असण्याची शक्यता आहे. आपल्याकडची बहुतेक कुटुंबं मे महिन्याच्या सुट्टीत चारधामला जातात. आजोबाही तेव्हाच गेले असतील, तर त्यांच्या फोटोत हिवाळ्यातलं भुसभुशीत बर्फ बरंच शिल्लक असेल. तुम्ही जाताय सप्टेंबरात, ते सगळं वितळून गेल्यावर. दोन फोटो शेजारी ठेवले की बर्फ भयंकर कमी झालेला दिसेल आणि त्यातला मोठा भाग निव्वळ ऋतूचा असेल. असे फसवे जोड मी कितीतरी पाहिलेत. उलटही होतं. जुना फोटो ऑक्टोबरचा आणि नवा जूनचा असेल, तर हिमनदी वाढल्यासारखी वाटते. म्हणून फोटोमागची तारीख, रोल धुऊन आणल्याची चिठ्ठी, प्रवासाची वही, काहीही शोधा. काहीच मिळालं नाही, तर सावल्या बघा. खडकाची सावली कुठे पडली आहे त्यावरून दिवसाची वेळ कळते आणि वेळ माहीत असली तर ऋतूचाही अंदाज बांधता येतो. गोमुखातून वर बघताना सकाळी सूर्य जवळजवळ समोर असतो. भोजबासाहून पहाटे निघालेले यात्रेकरू सकाळीच तिथे पोचतात, म्हणून बऱ्याच जुन्या फोटोंत कडे काळे पडलेले असतात. तुम्ही एक फोटो आजोबांच्या वेळेला घ्या आणि एक दुपारी उशिरा, भागीरथीच्या भिंती उजळल्यावर. पहिला तुलनेसाठी, दुसरा पुढच्या माणसासाठी.

तुमची सप्टेंबरची निवड मात्र उत्तम आहे. पाऊस ओसरलेला असतो, नवा बर्फ पडायचा असतो, वर्षभराचं वितळणं जवळपास संपलेलं असतं. सप्टेंबरचा शेवट ते दिवाळीत गंगोत्रीचं मंदिर बंद होईपर्यंत, हाच काळ आम्हीही धरतो. नुसत्या मोजमापाच्या दृष्टीने एवढंच सांगेन की महिना जुळत नसेल तर हिमाच्या चट्ट्यांची तुलना सोडून द्या आणि फक्त खडक उघडा पडल्याची रेषा बघा. ती मे महिन्यातही फारशी खोटं बोलत नाही.

आता पाठीकडे येते. खरं सांगायचं तर माझा सगळा जीव तिथेच आहे.

परवानगी मिळाली आणि तब्येत साथ देत असेल, तर गोमुखावर न थांबता तपोवनाच्या कडेपर्यंत जा. शिवलिंग शिखराच्या पायथ्याचं ते गवताळ पठार सुमारे ४४०० मीटरवर आहे आणि तिथून हिमनदी खाली पसरलेली दिसते. बर्फ दिसतो अशी अपेक्षा ठेवू नका. दिसतात ते राखाडी दगड, मातीचे ढिगारे आणि खळगे. पहिल्यांदा पाहणारा विचारतो, हिमनदी कुठे आहे? ती त्या दगडांखाली आहे, आणि दगडांचा थर किती जाड आहे यावर तिचं सगळं वितळणं ठरतं. गुन्नार ओस्ट्रेम यांनी १९५९मध्ये दाखवलं की दोनेक सेंटिमीटरपेक्षा पातळ थर असेल तर काळे दगड तापून बर्फ जास्त वितळवतात. थर त्याहून जाड झाला की तोच दगड गोधडीसारखा बर्फाला झाकतो आणि वितळणं मंदावतं. तळहाताएवढ्या अंतरात दोन्ही गोष्टी चालू असतात.

मग झाकलेली हिमनदी इतकी खाली कशी बसते? याचं बरंचसं उत्तर पुन्हा पुन्हा काढलेल्या फोटोंनी दिलं. नेपाळमधल्या लांगटांग खोऱ्यात लिरुंग हिमनदीवर २०१३च्या मे आणि ऑक्टोबरमध्ये ड्रोनने फोटो घेऊन दोन्ही वेळचे उंचीचे नकाशे बनवले गेले. पाच महिन्यांत पाठ सरासरी एकच मीटरच्या आसपास खाली गेली होती. पण जिथे उघडे बर्फाचे कडे आणि तळी होती, तिथे कितीतरी पटींनी जास्त. दगडांच्या गोधडीला जिथे भोक पडतं, तिथून हिमनदी आटते. असा कडा मी फोटोंच्या रांगेत ओळखू लागले तेव्हा मला हिमनदीकडे बघण्याची दृष्टीच नवी मिळाली. तो एका जागी राहत नाही. पायथ्याशी तळं साठतं, पाणी बर्फ पोखरतं, वरून दगड घरंगळतात आणि कडा मागे सरकत जातो. पुढच्या वर्षी तळं रिकामं झालेलं असतं आणि कडा दगडांखाली गेलेला असतो. दहा वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंत यातलं काहीच कळणार नाही. एक कडा संपला आणि दुसरा उगवला तरी आपल्याला तो तोच वाटतो. अशा गोष्टींसाठी दर वर्षी, शक्य तर वर्षातून दोनदा फोटो हवेत.

पाठ किती खाली बसली हे फोटोवरून असं काढतात. मघाचीच लेन्स धरली तर एक किलोमीटरवर एका पिक्सेलमध्ये साधारण १७ सेंटिमीटर मावतात. पलीकडच्या काठावर बर्फ आणि खडक मिळतात ती रेषा दोन्ही फोटोंत आखा. ती ३० पिक्सेल खाली आली असेल तर बर्फ सुमारे पाच मीटर उतरला. जागा जुळवण्यातली चूक आधी स्थिर खडकांवर तपासा. जे खडक हलायला नकोत तेच चार पिक्सेल हललेले दिसत असतील, तर तुमच्या मोजमापात तेवढी चूक आहे, आणि ती मुलांना आकड्यासोबत सांगा. चूक किती हे न सांगता दिलेला आकडा मला नको असतो, मग तो कितीही मोठ्या संस्थेचा असो.

आणखी एक गोष्ट इथेच समजून घ्या, कारण ती शिकलेली माणसंही चुकतात. पाठ पाच मीटर खाली बसली म्हणजे पाच मीटरच बर्फ वितळला, असं नाही. हिमनदी वाहते. वरच्या भागात साठलेला बर्फ खाली येतो आणि खालच्या भागात आतून वर उचलला जातो. समजा एका जागी वर्षभरात चार मीटर बर्फ वितळला आणि प्रवाहाने तीन मीटर वर उचलला, तर पाठ एकच मीटर खाली दिसेल. आता वरून येणारा बर्फच कमी झाला, तर वितळणं तेवढंच राहूनही पाठ झपाट्याने खाली जाते. दोन फोटो हा फरक ओळखू शकत नाहीत. म्हणून आम्ही बर्फात भोक पाडून बांबूच्या काठ्या रोवतो आणि किती बांबू उघडा पडला ते मोजतो. लाहौलच्या छोटा शिगरी हिमनदीवर हे काम २००२पासून दर वर्षी चालू आहे. काठी वितळणं सांगते, फोटो पाठीची उंची सांगतो. दोन्ही मिळून हिमनदीला वरून खाऊ-पिऊ मिळतंय की नाही ते कळतं.

माझी सर्वांत मोठी चूक काठावरच्या मोरेनवर झाली. मोरेन म्हणजे हिमनदीने बाजूला रचलेला दगडमातीचा बांध. त्याच्या माथ्यावरून सगळी हिमनदी सुरेख दिसत होती. मी तिथे रंगाने खूण केली, ट्रायपॉडच्या पायांच्या जागा आखल्या, तीन वर्षं फोटो घेतले. चौथ्या वर्षी गेले तर माथाच नव्हता. बर्फ खाली बसला की बांधाची आतली बाजू निराधार होते आणि ढासळत जाते. म्हणजे जो बदल मी मोजत होते, त्यानेच माझी उभं राहायची जागा नेली. तेव्हापासून जागा अस्सल कातळावरच घेते, दृश्य थोडं कमी मिळालं तरी. आणि एकाऐवजी दोन जागा घेते.

दुसरा धडा स्वयंचलित कॅमेऱ्याचा. तासातासाला फोटो घेणारा कॅमेरा लोखंडी खांबावर लावून आम्ही खाली आलो होतो. खांब उन्हात तापतो, रात्री आखडतो, वाऱ्याने झुकतो. वर्षभराने पाहिलं तर हिमनदी रोज सकाळी वर आणि संध्याकाळी खाली जाताना दिसत होती! चौकटीच्या एका बाजूला स्थिर कड्याचा मोठा तुकडा होता म्हणून प्रत्येक फोटो त्यावर बसवून दुरुस्त करता आला. तो नसता तर वर्ष वाया गेलं असतं. तुमच्या फोटोतही निदान एक तृतीयांश भाग स्थिर खडकाचा ठेवा.

निष्कर्षांबाबत एक सांगते, कारण मुलं विचारतीलच. एक जोडी फोटो म्हणजे सगळ्या हिमालयाची गोष्ट नव्हे. काराकोरममध्ये बाल्टोरो हिमनदीचे व्हिटोरियो सेला यांनी १९०९मध्ये घेतलेले फोटो शंभर वर्षांनी पुन्हा काढले गेले, तेव्हा तिच्यात फारच थोडा फरक आढळला. तिथल्या कित्येक हिमनद्या दीर्घकाळ टिकून राहिल्या आहेत. पण एकूण हिमालयाचं चित्र तसं नाही. जुनी हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रं वापरून सुमारे ६५० हिमनद्यांची तुलना केली गेली, तेव्हा २०००नंतरचा बर्फ आटण्याचा वेग १९७५ ते २००० या काळाच्या जवळपास दुप्पट निघाला. उपग्रहांची ती छायाचित्रंही पुन्हा काढलेले फोटोच आहेत, फक्त आकाशातून. बाल्टोरोचा फोटो दाखवून काही होत नाही म्हणणारा आणि गोमुखाचा दाखवून सगळं संपलं म्हणणारा, दोघेही एकाच जोडीवर विसंबलेले असतात. वर्गात दोन्ही जोड्या लावा.

आता प्रवासातलं थोडं. गोमुखाला रोज ठरावीक माणसांनाच सोडतात, तेव्हा वन विभागाची परवानगी आधी घ्या. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, ड्रोन नेऊ नका. मुखाच्या गुहेजवळ मुलांना अजिबात जाऊ देऊ नका. ऊन चढलं की वरून दगड आणि बर्फाचे तुकडे सुटतात, आणि आजोबांच्या वेळचे फोटो पाहून लोकांना तिथे टेकून उभं राहावंसं वाटतं. मोजायला जवळ जायची गरजच नाही.

फोटो घेतल्यावर तिथेच बसून वहीत लिहा: तारीख, घड्याळाची वेळ, जीपीएसचे आकडे, जमिनीपासून लेन्सची उंची, कॅमेरा आणि लेन्स, हवामान. कॅमेऱ्याचं घड्याळ आदल्या दिवशी फोनशी जुळवा. मग वळून चारी दिशांना एकेक फोटो घ्या आणि शेवटी आपल्या पायांखालच्या कातळाचा, त्यावर ट्रायपॉडचे पाय कुठे होते ते दिसेल असा. हाच शेवटचा फोटो लोक विसरतात. आजोबांनी तो काढला असता तर तुमचे दोन दिवस वाचले असते.

निगेटिव्ह सापडली तर ती २४०० डीपीआय किंवा जास्तवर स्कॅन करा, कडा न कापता, आणि मला पाठवा. कुठल्या घळी आणि कुठल्या भेगा साक्षीला धरायच्या त्या मी खुणा करून परत देईन. प्रिंटच असेल तर तिची मागची बाजूही पाठवा.